कल्याणहून कैरोला

दिवाळीच्या सुटीला दोन-अडीच महिने उरले, की कल्याण-डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या सकाळच्या गाड्यांत प्रवासाचे बेत शिजू लागतात. वर्षानुवर्षे एकाच डब्यात, एकाच दाराशी उभे राहणाऱ्यांची मैत्री ही या गावांची खास मिळकत आहे. तिच्यातून भिशी चालते, दसऱ्याला डब्याला तोरण बांधले जाते, एकमेकांच्या घरची लग्नकार्ये पार पडतात. आणि भिशीचे पैसे बऱ्यापैकी साठले, की कोणीतरी नकाशा उघडतो. पूर्वी हा नकाशा काश्मीर नाहीतर कन्याकुमारीशी संपे. आता तो समुद्र ओलांडतो. बँकॉक-सिंगापूरची नावे निघतात, दुबईचे निघते. आणि मंडळींत इतिहासाची गोडी असलेला एखादा शिक्षक किंवा कारकून असला, तर तो इजिप्तचे नाव काढतो. मग घरी, शेजारी आणि त्याच डब्यातही पहिला प्रश्न येतो, तो खर्चाचा नसतो. ‘अहो, मुसलमानी मुलखात कशाला?’ असा तो असतो.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात थोडी भीती आहे, थोडी ऐकीव माहिती आहे आणि बराचसा असा समज आहे, की ज्या देशात पिरॅमिड आहेत तो देश वेगळा आणि ज्या देशात आज अजान होते तो वेगळा. पहिला पाहण्यासारखा, दुसरा टाळण्यासारखा. चार मित्रांनी स्वतःच्या हिमतीने, काटकसरीने केलेला प्रवास या समजाला जसा धक्का देतो, तसा दुसरे काहीच देत नाही. काटकसरीचे खरे मोल येथे आहे. पैसे वाचतात ही गोष्ट दुय्यम.

प्रवासकंपन्यांनी मराठी मध्यमवर्गाला परदेश दाखविला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यास किंवा विमानात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्यास त्यांचा आधार मोठा असतो. पण त्या सहलीत माणूस कैरोत उतरतो, पोळीभाजी जेवतो, थंडगार बसच्या काचेतून नाईल पाहतो आणि परत येतो. त्याला भेटलेला इजिप्शियन म्हणजे हातात झेंडा धरलेला वाटाड्या. याउलट स्वतःचा बेत स्वतः आखणाऱ्याला पावलोपावली माणसांना विचारावे लागते. तिकिटाच्या खिडकीशी, खानावळीत, नावेवर, चुकलेल्या गल्लीत. भाषेची अडचण होते, थोडी फसवणूकही होते. पण देश कळतो तो या विचारण्यातूनच.

आणि अशा प्रवासाचे शिक्षण ठाणे-कल्याणच्या तरुणाला फुकट मिळालेले असते. शनिवारी रात्रीची कसाऱ्याची लोकल, पुढे एस.टी., मग अंधारात चढण, गुहेत किंवा देवळाच्या ओवरीत पथारी, घरून आणलेली भाकरी आणि ठेचा, परतताना वहीत मांडलेला वर्गणीचा पैशापैशाचा हिशेब : हरिश्चंद्रगडाला ज्याने अशी फेरी मारली आहे, त्याला लुक्सॉरच्या साध्या लॉजचे भय वाटण्याचे कारण नाही. त्यातून इजिप्त हा देश रेल्वेने फिरण्याच्या दृष्टीने फार सोयीचा. जवळजवळ सारी वस्ती नाईलच्या दोन्ही काठांच्या अरुंद पट्ट्यात. त्यामुळे नदीला धरून जाणारा एक लोहमार्ग माणसाला कैरोहून सुमारे ६७० किलोमीटरवरच्या लुक्सॉरला आणि तेथून पुढे आस्वानला नेऊन सोडतो. रात्रीची गाडी धरली, की एका मुक्कामाचे भाडेही वाचते. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. अलेक्झांड्रियाहून निघालेल्या इजिप्तच्या पहिल्या लोहमार्गाचा पहिला टप्पा १८५४ चा, आणि तो कैरोला पोहोचला १८५६ मध्ये. या एका बाबतीत ठाणे फेरोंच्या देशाच्या वर्षभर पुढे होते!

खाण्यापिण्याची चिंताही बहुतेक अनाठायी असते. ‘तिकडे शाकाहारी माणसाचे कसे होणार?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला कोशरी ठाऊक नसते. भात, मसूर, मॅकरोनी आणि हरभरे एकत्र करून वर तळलेला कांदा व टोमॅटोचे आंबटतिखट पाणी घातलेला हा पदार्थ कैरोतला हमाल खातो, विद्यार्थी खातो आणि कचेरीतला कारकूनही खातो. त्याचे मूळ हिंदुस्थानी खिचडीत आहे, असे अनेकांचे मत आहे. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने मुगाच्या खिचडीची नोंद करून ठेवलेली आहेच. सकाळी शिजवलेल्या वालासारख्या बियांचे ‘फूल’ आणि त्याच बियांच्या वाटलेल्या पिठाची तळलेली ‘तामिया’ मिळते. वालाच्या बिरड्यावर वाढलेल्या कोकणी माणसाने त्यासाठी नाक मुरडण्याचे कारण नाही.

शिक्षकांना दोनच सुट्या. मे महिन्यात लुक्सॉर-आस्वानकडे ऊन चाळिशीच्या वर जाते, तेव्हा दिवाळीचीच सुटी योग्य. काटकसरीला खरा अडथळा येतो तो प्राचीन स्थळांच्या तिकिटांचा, कारण परदेशी माणसाला तेथे वेगळा आणि पुष्कळ जास्त दर आहे. घारापुरीला आपल्याकडेही तोच न्याय लावला जातो, तेव्हा तक्रार करता येत नाही. आंतरराष्ट्रीय ओळखपत्र असलेल्या विद्यार्थ्याला निम्म्या दरात प्रवेश मिळतो. इतरांनी सगळेच पाहण्याचा हव्यास सोडून निवड करावी हे उत्तम. गिझाचे पिरॅमिड टाळता येणार नाहीत. त्यांच्या जवळच उभारलेल्या भव्य संग्रहालयाचे रीतसर उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले असून, १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातील संग्रह तेथे एकत्र मांडलेला आहे; त्याला एक पूर्ण दिवस द्यावा. उरलेले दिवस लुक्सॉरला. तेथे गावकऱ्यांबरोबर साध्या तरीने नाईल ओलांडावी, पलीकडे भाड्याने सायकल घ्यावी आणि उसाच्या शेतांतून राजांच्या दरीकडे जावे. असा दिवस बसमधल्या माणसाच्या नशिबी नसतो.

इजिप्त आज आपल्याला स्वस्त वाटतो, त्याचे कारण मात्र फारसे सुखाचे नाही. २०२२ च्या आरंभी एका डॉलरला सुमारे सोळा इजिप्शियन पौंड पडत. मार्च २०२४ मध्ये सरकारने चलन मोकळे सोडल्यावर तोच भाव पन्नाशीच्या घरात गेला. अर्थ सरळ आहे. कैरोतल्या ज्या शिक्षकाची मिळकत पौंडांत ठरलेली होती, त्याच्या हातातील पैशाचे मोल दोन वर्षांत बाहेरच्या जगात एक-तृतीयांशावर आले. गहू मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणणाऱ्या देशात याची झळ भाकरीपर्यंत पोहोचते. डोंबिवलीच्या शिक्षकाला जी सहल परवडते, ती काही अंशी त्याच्याच व्यवसायबंधूच्या ओढगस्तीमुळे परवडते. म्हणून घोडागाडीवाल्याशी पाच-दहा पौंडांसाठी अर्धा तास घासाघीस करून, ती कथा गावी परतल्यावर पराक्रम म्हणून सांगणाऱ्यांचे कौतुक करणे कठीण आहे. भाव जरूर करावा. बाजाराची ती रीतच आहे. पण कोणाशी भाव करतो आहोत, याचे भान असावे.

आता त्या मूळ प्रश्नाकडे. मुसलमानी मुलखात कशाला? याचे एक उत्तर कल्याणच्या खाडीतच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात सोपारा आहे, चौल आहे आणि ‘कल्लिएना’ म्हणजे आपले कल्याणही आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते. पण पुढे सत्तांतर झाल्यावर तेथे अडथळे आले आणि चुकून तेथे लागलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असे हा लेखक सांगतो. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या चुरशीत कल्याणच्या व्यापाऱ्यांची कशी कोंडी झाली असेल, याची कल्पना या चार ओळींवरून येते. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून गाड्या भरभरून माल भडोचकडे जातो, हेही त्याने नोंदविले आहे.

या व्यापाराच्या खुणा ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांत आजही वाचता येतात. मुरबाड तालुक्याच्या माथ्यावरचा नाणेघाट ही कल्याणहून जुन्नरकडे जाण्याची वाट. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची दाने कोरलेली आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद अशा नावांचे यवन दाते भेटतात. हे यवन कोठून आले, कोणत्या बंदरात उतरले, हे लेख सांगत नाहीत. पण समुद्राकडून जुन्नरला चढणारी मोठी वाट कोणती, हे मुरबाडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

या वाटेचे दुसरे टोक इजिप्तमध्ये आहे. तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे बंदर होते. तेथे उतरलेला माल उंटांवर लादून वाळवंटातून नाईलकाठच्या कॉप्टोस या गावी नेत आणि मग नावांतून अलेक्झांड्रियाकडे. १९९४ पासून बेरेनिकेला चाललेल्या उत्खननात देवळाच्या आवारात एका भारतीय बनावटीच्या रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी मिळाली. मिरी अर्थात मलबारची. कल्याणने तिच्यावर हक्क सांगू नये. पण सागवानी लाकूडही मिळाले. २०२२ मध्ये तर तेथे संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली, आणि रोमन सम्राट फिलिप याच्या काळातील, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या मध्यातील, संस्कृत लेखही उजेडात आला. समुद्रापलीकडे, नाईलच्या देशात, कोणी हिंदी माणूस आपल्या भाषेत दगडावर लिहीत होता! कॉप्टोसचे आजचे नाव किफ्त. लुक्सॉरहून ते सुमारे चाळीस किलोमीटरवर, त्याच लोहमार्गावर आहे. तेथे पाहण्यासारखे फार थोडे उरले आहे. तरीही कल्याणच्या माणसाने खिडकीतून ते स्थानक पाहून घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, की तो इजिप्त मुसलमानी नव्हता. खरे आहे. मग पुढचे पाहावे. अरब भूगोलकार अल-मसूदी इसवी सन ९१५-१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तेथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती त्याने नोंदविली, आणि तीही राष्ट्रकूटांच्या राज्यात. याहून नवलाची गोष्ट डहाणूजवळच्या चिंचणी गावच्या ताम्रपटांत आहे. शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ च्या ताम्रपटानुसार संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूट राजाने मधुमती नावाच्या एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे, सोपविलेला होता. मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप, असे अभ्यासक मानतात. देवीच्या मठासाठी गाव दान देण्यात आले, ते या अधिकाऱ्याच्या कारभारात आणि त्याच्या संमतीने. हा काही सर्वधर्मसमभावाचा जाहीरनामा नव्हे. बंदर चालवायचे तर सर्वांना सांभाळावे लागते, असा तो व्यवहार होता. पण त्या व्यवहारात कोणाला भीती वाटत नव्हती, एवढे तरी त्यातून दिसते.

आजच्या इजिप्तमध्ये जाणाऱ्याने आपल्या खिशातली नोट नीट पाहावी. कारकुनाच्या हातून रोज नोटा जातात. त्याला हे चटकन दिसेल. इजिप्तच्या कागदी नोटेच्या एका बाजूस मशीद असते आणि दुसऱ्या बाजूस फेरोंच्या काळातील शिल्प किंवा मंदिर. या देशाने आपले दोन भूतकाळ एकाच कागदावर छापले आहेत. कैरो विद्यापीठासमोर महमूद मुख्तार या शिल्पकाराचे, १९२८ मध्ये उभारलेले शिल्प आहे : पंजे रोवून उठू पाहणारा स्फिंक्स आणि त्याच्या शेजारी चेहऱ्यावरचा बुरखा दूर सारणारी शेतकरी स्त्री. इंग्रजी सत्तेशी झगडणाऱ्या मुसलमान बहुसंख्य राष्ट्राने स्वतःचे चित्र रेखाटताना स्फिंक्सची निवड केली.

लुक्सॉरच्या मंदिरात तर हे सारे दगडात दिसते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास बांधावयास सुरुवात झालेल्या या देवालयात पुढे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ झाले. मग नाईलच्या गाळाने आणि वस्तीच्या ढिगाऱ्याने खांब गाडले गेले आणि त्या उंचावलेल्या जमिनीवर अबू हग्गाग या संताची मशीद उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ढिगारा उपसण्यात आला, तेव्हा मशिदीचा जुना दरवाजा जमिनीपासून कितीतरी मीटर वर लटकत राहिला. मशीद हलविली नाही, मंदिरही झाकले नाही. तेथे आजही नमाज होतो. या संताच्या वार्षिक उत्सवात नावांची मिरवणूक निघते. फेरोंच्या काळीही याच गावात देवांना नावांत बसवून मिरवीत. मलंगगडाची यात्रा पाहात वाढलेल्या माणसाला याचे फार स्पष्टीकरण लागू नये.

भीतीचे मूळ कोठे आहे, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी याच लुक्सॉरच्या पलीकडच्या तीरावर, हत्शेपसुत राणीच्या मंदिरात दहशतवाद्यांनी ६२ जणांना ठार केले; त्यांतील ५८ परदेशी पाहुणे होते. २००१ मध्ये बामियानचे बुद्ध उडविण्यात आले. २०१५ मध्ये सीरियातील पाल्मिराची मंदिरे सुरुंगांनी फोडली गेली. या घटना धर्माच्या नावाने झाल्या, हे नाकारून चालणार नाही. पण त्याच पाल्मिरात प्राचीन वस्तू कोठे लपविल्या आहेत हे सांगावयास नकार देऊन, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ज्याने मृत्यू पत्करला, तो पुरातत्त्वज्ञ खालेद अल-असाद मुसलमानच होता. जानेवारी २०११ मधील उठावाच्या रात्री कैरोचे पोलीस रस्त्यावरून नाहीसे झाले, चोरटे संग्रहालयात शिरले, काही वस्तू गेल्याही. त्या रात्री संग्रहालयाभोवती हातात हात गुंफून उभे राहिले ते कैरोचे सामान्य नागरिक. चित्राच्या या दोन्ही बाजू माहीत असलेल्या माणसाने जावे की न जावे, हे स्वतः ठरवावे. एकच बाजू माहीत असलेल्याने दुसऱ्याला सल्ला देऊ नये.

स्त्रियांच्या बाबतीत थोडी अधिक सावधगिरी हवी. कैरोच्या गर्दीत बाईमाणसाला त्रास होतो आणि तो तेथील स्त्रियांनाही होतो. तेथील वृत्तपत्रे आणि स्त्रियांच्या संघटना याविषयी उघडपणे बोलत आल्या आहेत. मैत्रिणींचा गट असेल, तर उतरण्याची जागा थोडी महाग पण माहितीची घ्यावी. येथे काटकसर करू नये.

अवघडलेले प्रश्नही विचारले जातील. १९८० च्या सुमारास संशोधनासाठी इजिप्तच्या खेड्यात राहिलेल्या अमिताव घोष यांना गावकऱ्यांनी गायीविषयी आणि प्रेत जाळण्याविषयी छेडले होते. ‘इन ॲन ॲण्टिक लँड’ या १९९२ च्या पुस्तकात ते सारे आले आहे. त्यांच्या प्रश्नांत जेवढे अज्ञान होते, तेवढेच डोंबिवलीच्या डब्यातल्या त्या पहिल्या प्रश्नात आहे. फरक इतकाच, की खेड्यातल्या त्या माणसांसमोर उत्तर देणारा हिंदी माणूस बसलेला होता.

प्रवासाहून परत आल्यावर वाचनालयाच्या सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून व्याख्यान देण्याची चाल या भागात चांगली रुजली आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. मीना प्रभु यांची ‘इजिप्तायन’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ ही पुस्तके अशाच वाचनालयांतून घराघरांत पोहोचली आहेत. व्याख्यानांतून मात्र पुष्कळदा पिरॅमिडची उंची सांगितली जाते, हॉटेलचा दर सांगितला जातो आणि भेटलेल्या एकाही माणसाचे नाव सांगितले जात नाही. श्रोत्यांनी ते विचारावे.

आणखी एक गोष्ट श्रोत्यांनी विचारावी. नूबियातील प्राचीन अवशेष आस्वानच्या नव्या धरणात बुडू नयेत म्हणून १९६० मध्ये युनेस्कोने हाक दिली, तेव्हा बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व खात्याचे पथकही १९६१-६२ मध्ये तेथे उत्खननास गेले होते. पुढे १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबलचे मंदिर कापून पासष्ट मीटर उंचावर पुन्हा उभारले गेले आणि त्याला अनेक देशांनी पैसा दिला. ते मंदिर पाहून भारावून आलेल्या किती जणांनी अंबरनाथचे शिवालय पाहिले आहे? कल्याणहून कर्जत मार्गावरचे तिसरे स्थानक. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचा लेख तेथे आहे. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे पाहावयास एक सकाळ पुरत नाही. शेजारून वाहणाऱ्या वालधुनीला कारखान्यांच्या सांडपाण्याने काय कळा आली आहे, तेही तेथे दिसते आणि नाकालाही कळते.

ज्यांची भिशी या वर्षी पुरेशी साठलेली नाही, त्यांनी पुढच्या वर्षाची वाट पाहात घरी बसण्याचे कारण नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि विमानाचे तिकीट लागते ते वाटेच्या पलीकडच्या टोकासाठी. अलीकडच्या टोकासाठी कल्याणच्या आगारातून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी एस.टी. पकडावी, वैशाखरे सोडल्यावर नाणेघाटाच्या पायवाटेशी उतरावे आणि पाणी बरोबर घ्यावे. चढण दोन-तीन तासांची आहे.